गर्दी टाळून युरोप, रेल्वेने: व्हिएन्ना ते बोलोन्या, कुठे किती मुक्काम?

दुपारची_झोप

सप्टेंबरच्या मध्यावर १२ रात्री हातात आहेत. चौघे जण: आम्ही दोघं, आई (६६) आणि बाबा (७१). बाबांच्या गुडघ्याची कुरकुर असते, पण सपाट रस्त्यावर दोन-तीन किलोमीटर चालतात. जिने मात्र जपून. व्हिएन्नाला उतरायचं आणि बोलोन्याहून परतायचं, एवढं ठरलंय. मधला रस्ता मोकळा आहे.

व्हेनिस, फ्लॉरेन्स, साल्झबुर्ग इथे मुक्काम नको. गाडी भाड्याने घ्यायची नाही. एका दिवसात तीन-साडेतीन तासांहून जास्त प्रवास नको आणि रोज बॅगा भरायच्या नाहीत, तीन-चार मुक्काम पुरेत. आई-बाबा पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही. आम्हाला अंडं चालतं.

विचारायचं ते असं: मधली शहरं कुठली? रेल्वे पास घ्यावा की सुटी तिकिटं? आणि व्हिसा ऑस्ट्रियाचा काढायचा की इटलीचा?

पंचवटी_एक्सप्रेस

शांत म्हणजे लहान, हे डोक्यातून काढून टाका. बहुतेक वेळा उलटंच असतं. हालश्टाटची वस्ती आठशेच्या आत. तिथे चार बस रिकाम्या झाल्या की गल्लीत पाय ठेवायला जागा उरत नाही. चेस्की क्रुमलोव्ह, रोथेनबुर्ग, कोलमार, सगळीकडे तीच रड: पाहण्यासारखं सगळं एका रस्त्यावर, आणि सकाळी दहा ते दुपारी चार आलेला प्रत्येक जण त्याच रस्त्यावर. एक ते तीन लाख वस्तीचं, स्वतःचं विद्यापीठ, कचेऱ्या आणि भाजीबाजार असलेलं शहर तेवढीच माणसं पचवून टाकतं. तिथली हॉटेलं पर्यटकांवर जगत नाहीत, त्यामुळे जेवण ताजं मिळतं आणि दरही शुद्धीवर असतात.

निवडायच्या आधी तीन गोष्टी तपासा. आपल्याकडच्या ग्रुप टूरच्या कार्यक्रमपत्रिकेत त्या शहराचं नाव 'फोटो स्टॉप' म्हणून आहे का? असेल तर सोडून द्या. जवळ क्रूझ बोटींचा धक्का आहे का? मोठ्या बोटी २०२१ मध्ये व्हेनिसच्या मधल्या कालव्यातून हटवल्यावर त्यातल्या काही राव्हेनाच्या बंदराकडे वळल्या. बोटीच्या दिवशी राव्हेनाची सकाळ वेगळीच असते. आणि तिसरं, शहर मुख्य रेल्वेमार्गावर आहे का, तासाला निदान एक गाडी आहे का? दिवसाला चारच गाड्या असलेल्या गावात अर्धा दिवस घड्याळ बघण्यात जातो.

या चाळणीतून तुमच्या मार्गावर उरतात ती ग्राझ, उदिने आणि फेरारा. माझी मांडणी अशी: व्हिएन्ना १ रात्र, ग्राझ ३, उदिने २, फेरारा ५, बोलोन्या १.

व्हिएन्नाची एक रात्र शहर पाहण्यासाठी नाही. ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या, म्हणजे एकाच व्हिसावर चालणाऱ्या युरोपीय देशांच्या, सीमेवर नवी नोंदणी सुरू झाली आहे. पासपोर्टवर शिक्का मारून सोडण्याऐवजी फोटो आणि बोटांचे ठसे मशीनमध्ये जुळवले जातात, आणि रांग किती वेळ खाईल हे सांगता येत नाही. उतरल्या दिवशीच पुढच्या गाडीचं बांधील तिकीट काढून ठेवू नका. विमानतळाखालीच रेल्वे स्टेशन आहे. तिथून व्हिएन्ना हाउप्टबानहोफ, म्हणजे मुख्य स्टेशन, पाऊण नाही, पाव तास. मुक्काम त्याच स्टेशनच्या आसपास घ्या.

व्हिएन्ना-ग्राझ गाडी साधारण २ तास ४० मिनिटांची. अंतराच्या मानाने संथ वाटेल, पण कारण चांगलं आहे: ती सेमरिंगच्या जुन्या घाटातून जाते. १८४८ ते १८५४ मध्ये कार्ल फॉन गेगाने बांधलेला हा ४१ किलोमीटरचा मार्ग १९९८ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. ग्लॉगनिट्स सोडलं की म्युर्त्सत्सूशलागपर्यंत मोबाइल खिशात. दुमजली दगडी कमानी, त्यावरून गाडी अशी वळते की आपलेच पुढचे डबे खिडकीतून दिसतात. खाली मोठ्या बोगद्याचं काम चालू आहे. तो झाला की जलद गाड्या जमिनीखालून जातील, तेव्हा हे आत्ता तिकिटाच्या पैशात मिळतंय ते घ्या.

ग्राझ तीन लाखांचं, विद्यार्थ्यांनी भरलेलं शहर. जुना भाग १९९९ पासून वारसा यादीत, तरी व्हिएन्ना आणि साल्झबुर्गच्या सावलीत राहिलेला. श्लॉसबेर्ग या टेकडीवर जायला २६० पायऱ्यांचा जिना आहे. बाबांना तो दाखवूसुद्धा नका. टेकडीच्या पोटातून लिफ्ट आहे आणि दुसऱ्या बाजूने १८९४ पासूनची दोरखंडाची रेल्वे. वरच्या घड्याळाचे काटे उलटे आहेत: लांब काटा तासाचा, आखूड मिनिटांचा. पूर्वी लांबून दिसावा म्हणून एकच मोठा तास-काटा होता, मिनिटाचा नंतर बसवला, तो बिचारा लहान राहिला. दुसरा दिवस एगेनबेर्ग महालाला द्या, ट्रामने जाता येतं. ३६५ खिडक्या, २४ दरबारी दालनं. दालनं मार्गदर्शकाबरोबरच पाहायची असतात, आणि एप्रिल ते ऑक्टोबरच.

सप्टेंबरमध्ये ग्राझला 'आउफश्टायर्न' हा लोककलेचा मोठा उत्सव असतो. त्या शनिवार-रविवारी शहर शांत नसतं आणि खोल्या मिळत नाहीत. तारखा पाहून तो टाळा, नाहीतर मुद्दाम तेव्हाच जा. अधलंमधलं काही नाही.

ग्राझ ते इटली हा प्रवास आता सोपा झालाय. १४ डिसेंबर २०२५ ला कोराल्म रेल्वेमार्ग उघडला, त्यात ३३ किलोमीटरचा बोगदा आहे. ग्राझ-क्लागेनफुर्टला पूर्वी बसने दोन तास लागायचे, आता गाडीने पाऊण तास. पुढे फिलाख आणि तार्व्हिझिओवरून उदिने. थेट गाडी मिळाली तर उत्तम, नाहीतर फिलाखला एक बदल. म्हणूनच जुने ब्लॉग वाचून बेत आखू नका. त्यातला ग्राझचा 'इथून इटलीला जाणं कटकटीचं' हा सल्ला आता बाद झालाय.

उदिने लाखभर वस्तीचं. लोक व्हेनिसच्या गाडीत बसल्या बसल्या त्याच्या फलाटाकडे बघतात आणि पुढे जातात. तिएपोलो या चित्रकाराची भित्तिचित्रं आर्चबिशपच्या वाड्यात निवांतपणे पाहता येतात, चौकात संध्याकाळी सगळे गावकरीच असतात. दोन रात्री पुष्कळ झाल्या.

फेराराबद्दल पुढचे लोक भांडतील, त्यांना भांडू दे. माझं मत: नऊ किलोमीटरची तटबंदी, तिच्यावर झाडांच्या सावलीतली सपाट वाट, गावभर सायकली, आणि बोलोन्या-पादोवा-व्हेनिस या एकाच मुख्य मार्गावर वसलेलं. पाच रात्री एकाच खोलीत राहून चारी दिशांना जाता येतं.

स्लीपरकोच

तिकिटांचं बोलतो.

पास नको. तुम्ही भारतातून येणार म्हणजे युरेल, इंटररेल नव्हे. इंटररेल युरोपात राहणाऱ्यांसाठी. चार प्रवासदिवसांचा युरेल ग्लोबल पास माणशी अडीचशे युरोंच्या वर जातो. त्यात इटलीच्या वेगवान गाड्यांना आरक्षणाचे वेगळे पैसे. तुमच्या मार्गात लांबचे टप्पे मोजकेच आहेत. फेरारा-बोलोन्या प्रादेशिक गाडीचं तिकीट पाच-सहा युरो. त्यासाठी पासचा एक दिवस खर्ची घालणं म्हणजे निव्वळ नुकसान. दर दुसऱ्या दिवशी चारशे-पाचशे किलोमीटर कापणाऱ्यांना पास परवडतो.

ऑस्ट्रियाची तिकिटं ओबेबेच्या, म्हणजे तिथल्या सरकारी रेल्वेच्या, ॲपवर. दोन जाती असतात. श्पारशीन स्वस्त, त्याच गाडीला बांधील, परतावा नाही. साधं तिकीट महाग, पण गाडी बदलता येते. व्हिएन्ना-ग्राझ श्पारशीन काढा, पण व्हिसा हातात आल्यावरच. जागा तिकिटात धरलेली नसते. आरक्षण तीन-चार युरोंत वेगळं मिळतं. चौघांना समोरासमोर टेबलाची जागा हवी तर ते जरूर घ्या, शुक्रवारी आणि रविवारी संध्याकाळी तर विचारच करू नका. रेलजेटच्या, म्हणजे ओबेबेच्या जलद गाडीच्या, दाराशी पायऱ्या आहेत. आधी एकाने चढायचं, दुसऱ्याने बॅगा द्यायच्या, मग बाबा. सामानाला वजनाची मर्यादा नाही, हमालही नाही. २८ इंची दोन बॅगांपेक्षा २२-२४ इंची चार बऱ्या. मोठी बॅग वरच्या फळीवर चढत नाही, आणि डब्यातल्या सामानाच्या जागा व्हिएन्नालाच भरतात. पाठीला पाठ लावलेल्या आसनांच्या मधली त्रिकोणी पोकळी बघा, तिथे एक बॅग उभी राहते.

इटलीत नियम वेगळे. फ्रेच्चारोस्सा, इतालो, इंटरसिटी या लांब पल्ल्याच्या गाड्या: जागा ठरलेली, लवकर घेतलं तर स्वस्त. रेजोनाले आणि रेजोनाले वेलोचे या प्रादेशिक गाड्या: भाडं वर्षभर तेच, जागा क्रमांक नाही, आधी घेऊन काही वाचत नाही. आदल्या रात्री घ्या.

लोक दंड भरतात तो इथे. प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट घेतलंत तर फलाटावरच्या छोट्या मशीनमध्ये घालून शिक्का मारायचा. शिक्क्यानंतर ते चार तास चालतं. शिक्का नसलेलं तिकीट हे तिकीट नसल्यासारखंच. फोनवर घेतलंत तर शिक्का नाही. सप्टेंबर २०२५ पर्यंत मात्र गाडीत चढायच्या आधी त्यातली लिंक उघडून चेक-इन करावं लागायचं.

उदिनेहून फेरारा: व्हेनिस मेस्त्रेला, म्हणजे खाडीच्या अलीकडच्या स्टेशनला, बदला. ॲप कधीकधी सांता लुचियाला, म्हणजे जुन्या व्हेनिसमधल्या स्टेशनला, बदल दाखवतं. ते घेऊ नका. खाडीवरचा पूल ओलांडून आत जायचं आणि त्याच पुलावरून परत यायचं, बॅगांसकट. मेस्त्रेला निदान पंचवीस मिनिटं मध्ये ठेवा. जोडगाडी चुकली तरी दोन्ही प्रादेशिक असतील तर पुढच्या गाडीत बसता येतं. एक प्रादेशिक आणि एक फ्रेच्चा वेगवेगळी काढली असतील तर पहिलीच्या उशिरामुळे दुसरी चुकल्यास ती तुमची जबाबदारी ठरते. एकाच तिकिटावर सगळा प्रवास असेल तर रेल्वेला पुढची सोय करावी लागते. तासाभराहून जास्त उशीर झाला तर भाड्याच्या २५ टक्के, दोन तासांहून जास्त झाला तर ५० टक्के परत मागता येतात, पण अर्ज आपणच करायचा.

'शोपेरो' हा शब्द लक्षात ठेवा: संप. इटलीत बहुतेक संप आधी जाहीर होतात, वाहतूक मंत्रालयाच्या साइटवर यादी असते. कामाच्या दिवशी प्रादेशिक गाड्यांना सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ संरक्षण असतं. त्या वेळात हलायचं. संप शुक्रवारी फार.

तुमच्या बँकेच्या कार्डावर परदेशी ऑनलाइन व्यवहार सुरू करून ठेवा. ओटीपी भारतातल्या नंबरवर येतो, तो नंबर तिथे चालू हवा. नाहीतर तिकिटाच्या शेवटच्या पायरीला व्यवहार अडकतो. दोन वेगळ्या बँकांची कार्डं जवळ ठेवा.

मुळा_मुठा

उदिने आणि ग्राझला हरकत नाही. पण फेरारात पाच रात्री? पादोवा का नाही? व्हेनिसला अर्ध्या तासात पोचवणारी गाडी, ताशी किती तरी फेऱ्या. स्क्रोवेन्यी चॅपेल, १२२२ चं विद्यापीठ, १५४५ ची वनस्पती बाग, आणि सगळं सपाट. प्रातो देल्ला व्हाल्ले हा चौक जवळपास ९० हजार चौरस मीटरचा आहे. त्यात कितीही माणसं आली तरी मोकळाच वाटतो.

स्क्रोवेन्यीचं मात्र आजच बघा. जॉत्तो या जुन्या चित्रकाराची भित्तिचित्रं आहेत, आत दमट हवा जाऊ नये म्हणून लोकांना तुकड्यातुकड्याने सोडतात. आधी पंधरा मिनिटं काचेच्या खोलीत बसवतात, हवा स्थिर झाली की आत पंधरा मिनिटं. वेळ आधी आरक्षित करावी लागते, आणि पाच मिनिटं उशीर झाला तरी तुमची तुकडी गेलेली असते. दाराशी 'पण आम्ही भारतातून आलोय' चालत नाही.

फेरारात जुन्या भागातले रस्ते नदीतल्या गोट्यांचे आहेत. बॅगेची चाकं आणि बाबांचा गुडघा, दोघांनाही ते आवडणार नाहीत. पो नदीचं खोरं, त्यामुळे सप्टेंबरातही डास असतात. हे त्या हॉटेलच्या फोटोत दिसत नाही.

पंचवटी_एक्सप्रेस

@मुळा_मुठा, डास आणि गोटे दोन्ही मान्य. डासांसाठी मलम जवळ ठेवायचं. गोट्यांवर उपाय म्हणजे हॉटेल किल्ल्याच्या दक्षिणेच्या जुन्या गल्लीत घ्यायचं नाही. व्हियाले काव्हूरच्या आसपास घ्यायचं. तो स्टेशनकडून किल्ल्याकडे जाणारा रुंद, डांबरी रस्ता आहे. स्टेशन ते किल्ला दीड किलोमीटर, सामानासकट टॅक्सी.

पादोवा वाईट नाही, पण 'शांत' हा शब्द तिला लावताना दोनदा विचार करा. संत अँथनीच्या बासिलिकेला, म्हणजे मोठ्या चर्चला, वर्षभर यात्रेकरू येतात, १३ जूनला तर पंढरपूर. मधल्या चौकांत विद्यार्थी रात्री उशिरापर्यंत ग्लास घेऊन उभे असतात. खिडकी चौकाकडे असेल तर झोप विसरा. दुपारची झोप यांच्या आई-बाबांना ते चालेल का, त्यांचं त्यांनी ठरवावं. दिवसभरासाठी पादोवा मात्र जरूर करा. फेरारापासून थेट गाडी आहे, तासाच्या आत-बाहेर.

खरा मुद्दा राव्हेनाचा. फेरारापासून तिकडे थेट प्रादेशिक गाडी जाते, सव्वा तासाची. पादोवाहून ते दूर पडतं. पाचव्या-सहाव्या शतकातलं मोझेकचं काम, आठ वास्तू जागतिक वारसा. सान व्हिताले, गाल्ला प्लाचिदियाची समाधी, सांत आपोल्लिनारे नुओव्हो, नेओनियन बाप्तिस्मागृह आणि आर्चबिशपचं संग्रहालय यांचं एकत्र तिकीट असतं. समाधी आणि बाप्तिस्मागृह लहान असल्यामुळे त्या दोघांची वेळ निवडावी लागते. समाधीच्या खिडक्यांना काचेऐवजी अलाबास्टर या उजेड झिरपणाऱ्या दगडाची पातळ तावदानं आहेत. बाहेरून आत गेल्यावर एक-दोन मिनिटं नुसता काळोख वाटतो, मग निळं छत हळूहळू उजळतं. आत गेल्या गेल्या फोटो काढून बाहेर पडणाऱ्यांना हे दिसतच नाही. क्लासेची बासिलिका या तिकिटात नाही आणि गावाबाहेर आहे: एक स्टेशन पुढे, क्लासे नावाचंच.

दुपारची_झोप

फेराराच ठरवतोय. दोन शंका. व्हेनिसला दिवसभर जाऊन आलो तर ते प्रवेशशुल्क भरावं लागतं का? आणि आई-बाबांच्या जेवणाचं काय? ऑस्ट्रियात फक्त मांस, इटलीत सगळ्यात चीज, असं कानावर आलंय.

उंबरठा

शुल्क २०२४ पासून आहे, ठराविक दिवशी, सकाळी साडेआठ ते दुपारी चारच्या मध्ये जुन्या शहरात येणाऱ्या आणि तिथे मुक्काम नसलेल्यांना. २०२५ मध्ये आधी नोंदणी केली तर ५ युरो, शेवटच्या तीन दिवसांत १० युरो. २०२४ आणि २०२५ मध्ये हे दिवस एप्रिल ते जुलैच्या आतलेच होते. सप्टेंबरला बहुधा प्रश्न येणार नाही, तरी तुमच्या वर्षाच्या तारखा शहराच्या अधिकृत साइटवर पाहा. मेस्त्रेला मुक्काम केला तर व्हेनिस महापालिकेची हद्द म्हणून सूट मिळते. फेरारा-पादोवावाल्यांना नाही. सांता लुचियाबाहेरून रियाल्तोच्या दिशेने सगळे जातात. तुम्ही कान्नारेजो या भागातल्या मागच्या कालव्यांकडे वळा, तिथे बाकं आहेत आणि पूल कमी चढावे लागतात.

व्हिसाचं: ज्या देशात जास्त रात्री, त्याच देशाकडे अर्ज. उतरता कुठे याला तेव्हाच महत्त्व येतं जेव्हा रात्री समसमान असतात. वरच्या मांडणीत ऑस्ट्रिया ४, इटली ८. म्हणजे इटली. अर्जातल्या हॉटेलांच्या रात्रींची बेरीज हीच असली पाहिजे. नंतर ग्राझच्या दोन रात्री वाढवून उदिने गाळलंत की ६-६ होतं आणि अधिकाऱ्याला प्रश्न पडतो. फी प्रौढांना ९० युरो, रुपयांत. सेवा केंद्राचं शुल्क वेगळं. प्रवास विमा किमान ३० हजार युरोंचा आणि सगळ्या शेंगेन देशांत चालणारा हवा. सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. सप्टेंबरच्या प्रवासाला मे-जूनमध्येच वेळ घ्या, उन्हाळी सुट्टीत मुंबईच्या केंद्रात तारखा पटापट संपतात. तोवर हॉटेलं रद्द करता येतील अशीच घ्या. अर्जाला रेल्वेच्या तिकिटांऐवजी दिवसवार कार्यक्रम पुरतो, तिकिटांत आधीच पैसे गुंतवू नका.

वारांचा हिशेब करा. ग्राझची बहुतेक संग्रहालयं सोमवारी बंद. ऑस्ट्रियात रविवारी सुपरमार्केट बंद, मोठ्या स्टेशनांतली तेवढी उघडी. इटलीतल्या हॉटेलांत शहर-कर माणशी, रात्रीमागे, वेगळा. बऱ्याच ठिकाणी रोख मागतात, सुटे युरो ठेवा.

कोरडी_भेळ

जेवण. ऑस्ट्रियात मांसाचा प्रश्न ताटात दिसतो म्हणून सोपा आहे. इटलीत तो लपलेला असतो.

ग्राझमध्ये केफरबोनन सालाट मागा: मोठे ठिपकेदार घेवड्याचे दाणे, कांदा, वरून भोपळ्याच्या बियांचं हिरवंकाळं तेल. राजम्याच्या कोशिंबिरीला जवळचं, तृप्तीचं. ते तेल पांढऱ्या शर्टावर पडलं की शर्ट गेला. सूप मागताना सांभाळा. भाज्यांचं किंवा चीजच्या गोळ्यांचं म्हणून दिलेलं सूप पुष्कळदा गोमांसाच्या पाण्यात असतं. 'ओने रिंडझुपे' असं स्पष्ट विचारा.

फेरारा आणि बोलोन्या एमिलिया-रोमान्या प्रांतात. तिथे स्त्रुत्तो म्हणजे डुकराची चरबी पिठात पडते. फेराराचा तो चार शिंगांचा देखणा पाव, कोप्पिया, त्यात स्त्रुत्तो असते. टेबलावर फुकट येतो म्हणून आई-बाबांनी तोडू नये. पियादिना आणि तळलेला न्योक्को यांतही हीच गत. पियादिनाच्या दुकानात 'कोन ओलिओ' म्हणजे तेलाची मिळते का विचारा, पुष्कळ ठिकाणी असते. कापेल्लाच्ची दी झुक्का हा फेराराचा लाल भोपळा भरलेला पास्ता 'बुर्रो ए साल्व्हिया' म्हणजे लोणी आणि सेजच्या पानांसह तुम्हा दोघांसाठी उत्तम. न सांगितल्यास खिम्याचं रागू घालून येतो. आई-बाबांना मात्र नाही, ताज्या पास्त्याच्या पिठात अंडं असतं. त्यांच्यासाठी पास्ता सेक्का, म्हणजे वाळवलेला पास्ता, टोमॅटोबरोबर. वर किसलेलं चीज नको असं सांगायचं, कारण पार्मेजानोला वासराच्या जठरातलं विरजण लागतं. पिझ्झा मरिनारा: टोमॅटो, लसूण, ओरेगॅनो, चीज नाहीच. पिठात चरबी नाही ना, एवढं एकदा विचारा.

पाच रात्रींसाठी हॉटेलऐवजी स्वयंपाकघर असलेली खोली घ्या. डाळ, तांदूळ, मसाल्याचा डबा चालतो. दूध, तूप, पनीर भारतातून न्यायचं नाही, दुग्धजन्य पदार्थ आणि मांस युरोपात नेण्यास बंदी आहे. दही सुपरमार्केटात मिळतं. जेवणाची वेळ पाहून बेत करा: बरीच स्वयंपाकघरं दुपारी अडीचला बंद होतात आणि संध्याकाळी सात-साडेसातशिवाय उघडत नाहीत. साडेसहाला जेवणाऱ्या बाबांना उपाशी ठेवू नका.

दुपारची_झोप

बाबांच्या गुडघ्यासाठी फलाटावर मदत मिळते का? आणि शेवटच्या दिवशी बोलोन्याहून विमानतळाला किती आधी निघावं?

स्लीपरकोच

मदत मिळते, फुकट, दोन्ही देशांत. किमान २४ तास आधी कळवायचं. इटलीत स्टेशनवरच्या 'साला ब्लू' या कक्षाकडे, ऑस्ट्रियात ओबेबेकडे. पण मदत घेऊन बांधून घ्यायचं नसेल तर गाडीच बघून निवडा: एमिलिया-रोमान्याच्या नव्या 'पॉप' आणि 'रॉक' गाड्यांचं दार फलाटाच्या जवळपास पातळीला असतं, जुन्या डब्यांना दोन-तीन उंच पायऱ्या. 'रॉक' दुमजली आहे, बाबांना दाराजवळच बसवा.

बोलोन्या चेंत्राले हे एक स्टेशन नाही, तीन समजा. मधले फलाट, त्यांच्या टोकाला 'एस्त' आणि 'ओव्हेस्त' नावाचे आखूड फलाट, आणि जमिनीखाली १६ ते १९ क्रमांकाचे वेगवान गाड्यांचे. पाटीवर '३ ओव्हेस्त' लिहिलं असेल आणि तुम्ही साध्या ३ वर उभे राहिलात तर गाडी दिसणारही नाही. खालच्या फलाटांवर लिफ्टने जायला दहा मिनिटं धरा. फेराराहून येताना वरच उतराल.

विमानतळाला मार्कोनी एक्सप्रेस, मोनोरेल. स्टेशनच्या उत्तरेकडच्या, व्हिया दे कर्राच्चीच्या बाजूने चढायचं, सात-साडेसात मिनिटांत विमानतळ. पहाटे ५:४० च्या सुमारास सुरू होते, त्याआधी निघायचं असेल तर टॅक्सी आदल्या रात्री सांगून ठेवा. बोलोन्याला व्यापारी प्रदर्शनं फार भरतात आणि त्या आठवड्यात खोल्यांचे दर चढतात. तुमची ती एक रात्र महाग दिसली तर ती पण फेरारात काढा आणि सकाळच्या गाडीने या. फेरारा-बोलोन्या प्रादेशिक गाडी अर्ध्या-पाऊण तासाची. विमान दुपारनंतरचं असेल तरच हे करा, आणि त्या दिवशी संप नाही ना, ते आदल्या आठवड्यात पाहून ठेवा.